टॅबलेटवरून रंगमंचाचे दिवे : स्क्रीनवर हलतात, मंचावर हलत नाहीत तेव्हा

गणेशोत्सवातली मुलांची एकांकिका ज्यांनी पाहिली, त्यांना तो अंधार आठवत असेल. दोन प्रवेशांमधला ब्लॅकआउट झाला आणि पुढचा प्रकाश आलाच नाही. टॅबलेटवर पट्ट्या वर सरकत होत्या, मंच मात्र काळाच. लेव्हलवरून उतरणाऱ्या एका चिमुरडीची पायरी चुकली. विंगेतल्या ताईंनी तिला धरलं आणि कुणीतरी धावत जाऊन हॉलच्या ट्यूबलाइट लावल्या, म्हणून निभावलं. कारण नंतर सापडलं आणि ते अगदी साधं होतं. सानंदच्या प्रयोगांना इंदूरला जाणाऱ्या आपल्या मंडळींना वाटतं, तिथे असं कधी होत नाही. तिथे आधी तपासतात, एवढाच फरक. म्हणून ही टिपणी, पुढच्या वर्षी दिवे सांभाळणाऱ्यांसाठी.

संदेशाचा रस्ता

टॅबलेट, वाय-फाय, राउटर, नोड, डीएमएक्सची केबल आणि शेवटी दिवा, असा हा प्रवास आहे. डीएमएक्स ५१२ ही दिव्यांची भाषा १९८६ साली अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या संस्थेने ठरवली. एका ओळीत ५१२ चॅनेल मावतात, त्या ओळीला युनिव्हर्स म्हणतात. हीच माहिती नेटवर्कवरून नेण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत : १९९८ च्या सुमारास ब्रिटनच्या आर्टिस्टिक लायसन्स कंपनीने आणलेली आर्ट-नेट आणि नंतरची एसएसीएन. नोड म्हणजे नेटवर्कचा संदेश डीएमएक्समध्ये बदलणारी छोटी पेटी.

आधी रस्ता अर्धा करा

सगळं एकदम उचकू नका. नोड मधोमध आहे, तिथून सुरुवात करा.

१. दिवे लागलेले आहेत पण जागचे हलत नाहीत : बरेच नोड नेटवर्क तुटलं की शेवटचा संदेशच पुढे पाठवत राहतात. म्हणजे केबल ठीक, दोष टॅबलेट आणि नोड यांच्यामध्ये. शेवटचा संदेश ब्लॅकआउटचा असेल तर मंच काळाच राहतो. आमचं नेमकं हेच झालं.

२. नोडवरचा संदेशाचा दिवा लुकलुकतो, पण मंचावर काहीच नाही : दोष पुढे आहे. केबल, दिव्याचा अ‍ॅड्रेस किंवा युनिव्हर्स तपासा.

३. एकच दिवा बंद : तो दिव्याच्याच मेनूमधून हाताने लावून पाहा. लागला तर अ‍ॅड्रेस किंवा त्याच्या आधीची केबल चुकली आहे.

टॅबलेट ते नोड

*दुसऱ्या वाय-फायवर उडी.* आपल्या राउटरला इंटरनेट नसतं. टॅबलेटला वाटतं हे नेटवर्क बिनकामाचं, आणि तो ओळखीच्या दुसऱ्या वाय-फायवर जातो. आमचा टॅबलेट हॉलच्या वाय-फायवर गेला होता. बाकीची नेटवर्क विसरायला लावा. मोबाइल डेटा बंद, विमान मोड चालू, मग फक्त वाय-फाय चालू.

*परवानगी.* आयपॅडवर आयपॅडओएस १४ (२०२०) पासून प्रत्येक अ‍ॅपला 'लोकल नेटवर्क' वापरायची परवानगी द्यावी लागते. सुरुवातीला घाईत 'नको' दाबलं असेल, तर अ‍ॅप सुरू दिसतं, पण बाहेर काहीच जात नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा.

*पत्ता.* टॅबलेट आणि नोड एकाच पेठेत हवेत. टॅबलेट १९२.१६८.१.२० आणि नोड १९२.१६८.१.५०, दोन्हींचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, असे चालतात. आर्ट-नेटचे अनेक नोड कारखान्यातून २ ने सुरू होणारा पत्ता घेऊन येतात, मग दोघांची भेटच होत नाही. टॅबलेटवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. (टाइप करताना आकडे इंग्रजीत टाका.)

*युनिव्हर्सचा एकाचा फरक.* आर्ट-नेटची मोजणी ० पासून, एसएसीएनची १ पासून. काही अ‍ॅप मात्र आर्ट-नेटलाही १ पासून आकडे दाखवतात. सगळं बरोबर असून दिवे लागत नसतील, तर एक आकडा मागेपुढे करून पाहा.

*सर्वांना की एकालाच.* एसएसीएन बहुधा मल्टिकास्टने, म्हणजे ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी, संदेश सोडतं. वाय-फायवर असे संदेश गळतात आणि दिवे अडखळतात. अ‍ॅपमध्ये नोडचा पत्ता घालून युनिकास्ट निवडा. राउटरचं गेस्ट नेटवर्क वापरू नका, त्यात उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत.

*गर्दी.* रिकाम्या हॉलमध्ये तालीम उत्तम होते. प्रेक्षक खिशात फोन घेऊन आले की २.४ गिगाहर्ट्झची पट्टी गजबजते. ५ गिगाहर्ट्झ वापरा आणि राउटर प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे टॅबलेटला यूएसबी-सीचं इथरनेट अ‍ॅडॉप्टर लावून सरळ केबल जोडणं.

नोड ते दिवा

दिवे आपोआप लुकलुकत असतील तर शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर लावा आणि मध्ये कुणी माइकची केबल जोडली नाही ना ते पाहा. एका ओळीवर ३२ पेक्षा जास्त उपकरणं नकोत. ब्लॅकआउट दिला तरी दिवा विझत नसेल, तर तालमीतला दुसरा फोन अजून संदेश पाठवत नाही ना ते तपासा. दोन ठिकाणांहून आलेल्या संदेशांपैकी जास्त उजेडाचा आकडा नोड बहुधा पुढे धाडतो.

प्रयोगाच्या दिवशी

- टॅबलेट चार्जरवर, स्क्रीन आपोआप बंद होणं रद्द. अ‍ॅप मागे गेलं की संदेश थांबू शकतो.
- प्रेक्षक बसल्यावर, पडदा उघडण्याआधी प्रत्येक दिवा एकेक करून लावून पाहा.
- नोड आणि राउटरचे पत्ते कागदावर लिहून पेटीला चिकटवा.
- विंगेत आणि पायऱ्यांपाशी साध्या बटणावर चालणारा एक दिवा ठेवा. तो नेटवर्कवर नको, डीएमएक्सवरही नको. त्या बटणापाशी एक मोठा माणूस पूर्ण वेळ उभा हवा.

यातली शेवटची सूचना आम्ही सगळ्यात वर लिहायला हवी होती. संदेश चुकला तर प्रवेश पुन्हा करता येतो. अंधारात पाय चुकला तर तसं नाही. पुढच्या तालमीला जे येतील, त्यांना आम्ही हे सगळं हातात टॅबलेट देऊन दाखवू. मुलांनाही आणा, त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर समजतं.