रायगडच्या पायथ्याचा दुभाषा

परक्या समाजाची भाषा, शिष्टाचार, कायदा आणि मानापमानाच्या कल्पना यांचे पद्धतशीर अध्ययन करून पदव्युत्तर पदवी मिळविलेला तरुण आज वकिलातीत, परदेशी पेढीत किंवा एखाद्या साहाय्यसंस्थेत नोकरी पत्करतो, आणि हा व्यवसाय विद्यापीठांनीच अलीकडे जन्मास घातला असा समज सर्वत्र रूढ आहे. महाड तालुक्यातील पाचाड व रायगड येथे १६७४ च्या उन्हाळ्यात जे घडले, ते पाहिले असता हा समज टिकत नाही.

मुंबईकर इंग्रजांनी हेन्री ऑक्झिंडन यास शिवाजीमहाराजांकडे हेजीब म्हणून रवाना केले, तेव्हा सोबत ईस्ट इंडिया कंपनीचा दुभाषा नारायण शेणवी होता. हा गृहस्थ त्याच वर्षीच्या वसंतात एकदा रायगडास जाऊन आलेला असल्यामुळे दरबारची वाट, माणसे आणि नूर या तिन्हींची त्यास माहिती होती. आणि ही माहिती कोणत्याही पाठशाळेत मिळण्यासारखी नव्हती. मंडळी पाचाडास पोहोचली तेव्हा महाराज भवानीच्या दर्शनास प्रतापगडी गेले होते, म्हणून त्यांना पायथ्याशीच मुक्काम करावा लागला. तेथे महाराजांच्या दरबारातील निराजीपंतांची गाठ पडली. जंजिऱ्याच्या सिद्दीशी सलोखा करावा असे महाराजांस सुचविण्याचा ऑक्झिंडनचा मानस होता; परंतु दंडाराजपुरीसाठी वर्षानुवर्षे लढणाऱ्या राजापुढे तो विषय काढणे व्यर्थ आहे, हे पंतांनी त्यास वेळीच बजावले. काय बोलावे यापेक्षा काय बोलू नये, हे सांगणारा माणूस परमुलखात मिळणे, हे मोठेच भाग्य म्हणायचे.

इंग्रजांना महाराजांशी जो तह करावयाचा होता, त्याच्या कलमांत खरा पेच दोन ठिकाणी पडला. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे आणि किनाऱ्यास लागून फुटलेल्या गलबतांतील माल परत मिळावा, या त्या दोन मागण्या होत. कोणत्याही नाण्यास आम्ही मनाई करीत नाही, तेव्हा पहिले कलम अनावश्यक होय; आणि फुटलेली गलबते परत देणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध असून, ती सवलत इंग्रजांस दिली तर फ्रेंच व वलंदेजही तीच मागतील, असे दरबारचे उत्तर आले. नकार असा सयुक्तिक होता म्हणूनच बोलणी मोडली नाहीत, आणि जूनमध्ये तह झाला.

६ जून १६७४ रोजी, राज्याभिषेकाच्या दिवशी, सिंहासनाजवळ भाल्यांवर सोन्याची मत्स्यमुखे, अश्वपुच्छे व न्यायाचा तराजू अशी राजचिन्हे ऑक्झिंडनने पाहिली आणि आपल्या टिपणांत नोंदली. दुरून मुजरा झाल्यावर नजर करावयाची हिऱ्याची अंगठी नारायण शेणव्याने उंच धरली. महाराजांचे लक्ष गेले आणि इंग्रजांस सिंहासनाच्या पायाशी बोलावणे आले. मानाचा क्षण ओळखून योग्य हातांनी योग्य वस्तू योग्य अंतरावरून दाखविणे, ही किमया शिकविण्यास आजच्या अभ्यासक्रमांस दोन वर्षे लागतात, आणि तरीही ती सर्वांस साधतेच असे नाही.

पदवी निरर्थक आहे असे मात्र मला म्हणावयाचे नाही. नारायण शेणव्याचे ज्ञान त्याच्याबरोबर संपले. विद्यापीठाचे ज्ञान पुढच्यास देता येते, हा त्याचा मोठाच गुण आहे. पण आंतरसांस्कृतिक संवादाचे पाठ देणाऱ्या आमच्या विद्यापीठांनी परदेशी उदाहरणांच्या जोडीस पाचाडच्या त्या मुक्कामाची कागदपत्रेही अभ्यासक्रमात नेमावीत.