चौफुल्याची बारी

पुणे-सोलापूर रस्त्यावर केडगावजवळ शिरूरहून सुप्याकडे जाणारी वाट आडवी येते. दौंड तालुक्यातल्या या चौकाचं नाव चौफुला. लावणीच्या रसिकांना हे नाव ठाऊक आहे ते इथल्या कलाकेंद्रांमुळे.

इथे चालते ती संगीत बारी. ढोलकीफडाचा तमाशा गावोगाव तंबू ठोकतो, वगनाट्य करतो. बारीत वग नसतो. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात, आपापल्या पाळीने रंगमंचावर येतात. पाळी म्हणजेच बारी. पार्टी बहुधा बाईच्या नावाने चालते. नाच-गाणं तिचं, कारभारही तिचाच. पेटी, तबला, ढोलकी वाजवणारे पुरुष तिच्या हाताखाली. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या मालकिणींना त्यांच्या कर्तृत्वाएवढी जागा मिळालेली नाही, ही खंत आहे.

खरी कसोटी बैठकीच्या लावणीची. गायिका बसूनच गाते. एकाच ओळीचे दहा अर्थ नजरेतून, बोटांतून, पदराच्या हालचालीतून उलगडते. वाईच्या यमुनाबाई वाईकर या अदाकारीच्या थोर कलावंत होत्या. त्यांना 2012 साली पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक आलं आणि पुढे त्याच नावाचा कार्यक्रम शहरी नाट्यगृहांत पोहोचला. लावणी कलावंत शकुंतलाबाई नगरकरांची बसून केलेली अदा तिथल्या प्रेक्षकांनी श्वास रोखून पाहिली.

कलाकेंद्रांत आता फर्माईश बहुतेक सिनेमातल्या गाण्यांची होते. तरी जुन्या चिजा शिकवणारी एखादी बाई पार्टीत असतेच, आणि पायांत चाळ बांधण्याआधी प्रत्येकजणी चाळांना हात लावून नमस्कार करते.