मुलांच्या पुस्तकातील ढग कोण घडवतो?



मुलांच्या चित्रपुस्तकातला ढग चित्रकार काढतो, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा ढग छापखान्यात घडतो. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. तेव्हा त्या उरलेल्या अर्ध्याचा इतिहास आम्ही सांगावा, हेच योग्य.

१८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. मिशनचे यंत्र पाहून त्यांनी आपले यंत्र आणि शाई स्वतः सिद्ध केली होती. ग्रहनक्षत्रांचे आकाश छापील मराठी कागदावर उतरले ते असे, आकड्यांच्या रूपाने. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली आणि रंगीत चित्रे घरोघर जाऊ लागली. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना घातला. तो पुढे बोरघाट चढून, लोणावळ्यापलीकडे मळवलीस गेला.

या चित्रांतला ढग एका फटकाऱ्यात होत नसे. प्रत्येक रंगाला निराळा दगड. कारागीर त्यावर तेलकट शाईने ठिपक्याशेजारी ठिपका देई, आणि तोही उलट्या चित्राचा. ठिपके दाट केले की काळा मेघ, विरळ केले की विरत जाणारी कड. जेथे ठिपकाच नाही, तेथे कागदाचा पांढरेपणा राही. तोच शुभ्र ढग.

ही चित्रे मोठ्यांच्या भिंतींवर लागली. मुलांसाठी १९०६ साली ‘आनंद’ मासिक निघाले, १९७१ साली बालभारतीचे ‘किशोर’ आले. दगडाची जागा पत्र्याने घेतली. आज निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांतून मुलांचे सारे आकाश उभे राहते. न्याय मात्र जुनाच आहे: कोरा कागद हाच पांढरा ढग. एक रंग केसभर सरकला की त्याला दुहेरी कड येते. करडा मेघ याहून अवघड. शायांचे प्रमाण जरा चुकले की तो तांबूस किंवा हिरवट होतो.

आता आपल्या करंजाड्यातले मूल पाहा. जून ते सप्टेंबर ते गाढी नदीवर करडे, जड, डोंगराला टेकलेले मेघ पाहते. पुस्तकात त्याला बहुधा निळ्यावर कापसाचा पुंजका भेटतो. पुंजक्याला शाई लागत नाही. करड्या मेघाला कसबी हात आणि वेळ लागतो. कसबाला दाम मिळाला नाही, तर तुटवडा मुलाच्या आकाशात पडतो, असे आमचे म्हणणे आहे.

१९७२ साली मळवलीचा छापखाना आगीत सापडला. चित्रे घराघरांत उरली. त्यांच्याखाली रविवर्म्यांचे नाव आहे, दगडावर ठिपके देणाऱ्यांचे सहसा नाही. पुढचे चित्रपुस्तक निघेल तेव्हा चित्रकाराने आधी आषाढात गाढीकाठी उभे राहावे. मालकाने रंग जुळवणाऱ्यास पुरता वेळ आणि पुरती मजुरी द्यावी. आणि शेवटच्या पानावर चित्रकारासोबत त्याचेही नाव छापावे. त्याला लागणारी शाई फार थोडी आहे.