द्रोणागिरीच्या पायथ्याशी पाया खणताना

करंजाच्या जुन्या बेटावरील द्रोणागिरीचा डोंगर अनेक राजवटींचा साक्षी आहे. त्याच्या परिसरातील चाणजे गावी शिलाहार राजा अपरादित्याचा शके १०६० चा (इ. स. ११३८) आणि सोमेश्वराचा शके ११८२ चा (इ. स. १२६०) असे शिलालेख मिळाले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले; त्यांच्यासोबत आलेल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी बेटावर चर्चे उभारली. द्रोणागिरीवरील चर्चचे भग्नावशेष आजही त्या श्रद्धेची साक्ष देतात. पुढे मराठे आले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने बेटावर इंग्रजांचा ताबा कायम झाला.

१९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर द्रोणागिरी हे एका नव्या वसाहतीचेही नाव झाले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर व २०२४ साली अटल सेतू सुरू झाल्यावर येथील जमिनीला सोन्याचा भाव आला. नवी वसाहत पुष्कळशी खाजणांवर भराव घालून उभी राहिली आहे. भूमिगत इतिहासाला खरा धोका आहे तो जुन्या गावठाणांत, जेथे वाडे व घरे पाडून पाया नव्याने खणला जातो.

इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाच्या नियमांत पुरातत्त्वाला रीतसर स्थान मिळाले. तेथे एखाद्या जुन्या ग्रामीण हवेलीच्या आवारात साधे गटार खणावयाचे असले, तरी पुष्कळदा पुरातत्त्वज्ञ चराशेजारी उभा राहतो. तो काम बंद पाडीत नाही. चुन्याची भिंत, फरसबंदी किंवा खापरे दिसली, की काही वेळ थांबवून तो माप घेतो, छायाचित्र काढतो आणि वस्तू कोणत्या थरात होती याची नोंद करतो. उचललेली वस्तू संग्रहालयात ठेवता येते. विसकटलेला थर मात्र पुन्हा रचता येत नाही.

आपल्याकडेही याची गरज आहे, हे परळने दाखवून दिले. गव्हर्नरांचा तेथील प्रशस्त बंगला एका कॅथलिक मठाच्या जागी उभा राहिला. १८९९ साली तेथे हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. त्याच परळमध्ये १९३१ साली रस्त्याच्या कामात सुमारे साडेतीन मीटर उंचीचे प्राचीन शिवशिल्प सापडले. एका उपनगराच्या मातीत एवढे दडले असेल, तर करंजाच्या मातीत काय नसेल?

जमिनीत मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. परंतु यादीबाहेरच्या वाड्याखालील पडक्या जोत्याची दखल कोण घेणार? ती दखल घेण्याचे काम आपल्याच अंगावर येते.

आपले धर्मग्राम चर्चचा विस्तार करतात, कुटुंबे पूर्वजांची घरे पाडून इमारती बांधतात. अशा वेळी कंत्राटदाराशी करार करतानाच एक अट घालावी: जुनी भिंत, कोरीव दगड अथवा हाडे दिसताच यंत्र थांबावे व राज्य पुरातत्त्व विभागास कळवावे. सापडलेला दगड शिलाहारांचा निघो वा पोर्तुगीजांचा, देवळाचा निघो वा चर्चचा, नोंद सारख्याच निष्ठेने व्हावी. आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. मातीच्या नोंदवहीचे पान उलटताना तेवढीच काळजी घेणे, हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.