ब्रिटन : नाव आधी, पूर्वज नंतर

‘ब्रिटन’ हे नाव कुठून आले? इ.स. ८२९-३०च्या सुमारास उत्तर वेल्समध्ये ‘हिस्तोरिया ब्रित्तोनुम’ हा लॅटिन ग्रंथ रचला गेला. परंपरेने तो नेन्नियसच्या नावावर आहे. त्याचे उत्तर असे : ट्रॉयहून इटलीत आलेल्या, रोमनांचा पूर्वज मानल्या गेलेल्या इनिअसच्या वंशात ब्रिटो किंवा ब्रुटस जन्मला. जन्मताना आई गेली, पुढे त्याच्याच बाणाने चुकून बाप मेला. हद्दपार झालेला तो भटकत या बेटावर आला आणि बेटाला त्याचे नाव पडले. त्याच ग्रंथात दुसरी वंशावळही आहे. ती नोहाचा पुत्र याफेथ याच्यापर्यंत जाते. ग्रंथकाराने दोन्ही जपल्या. सुमारे ११३६मध्ये मॉन्मथच्या जेफ्रीने ब्रुटसची कथा फुलवली आणि ती युरोपभर पोचली.

शब्द मात्र ब्रुटसच्या कथेहून कितीतरी जुना. इ.स.पू. चौथ्या शतकातला ग्रीक प्रवासी पिथिअस याच्या वृत्तान्तातून ‘प्रेतानिके’सारखे रूप ग्रीकांत रुळले. रोमनांच्या तोंडी ‘प’चा ‘ब’ झाला. वेल्श भाषेत तो ‘प’ आजही टिकून आहे : ‘प्रिदाइन’. वेल्शमध्ये ‘प्रिद’ म्हणजे रूप. त्यावरून, अंग रंगवणारे किंवा गोंदणारे ते हे लोक, असा अर्थ अनेक भाषाभ्यासक लावतात. सीझरनेही ब्रिटन लोक अंगाला निळा रंग फासतात, असे नोंदले आहे.

तरी ब्रुटसची कथा मला मोलाची वाटते. आक्रमक सॅक्सनांपुढे भूमी गमावलेल्या ब्रिटन समाजाने आपले कूळ रोमच्या तोडीचे आहे, हे तिच्यातून ठामपणे सांगितले.