निळा नकाशा आणि आपला चौक

सोसायटीच्या कपाटात सर्वांत खालच्या खणात एक निळा नकाशा घडी घालून ठेवलेला आहे. स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रं काढली तेव्हा तो पुन्हा हाती आला. घड्यांवर फाटला आहे, एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. पण रेघा अजून स्पष्ट दिसतात. आपली पस्तीस घरं या एका कागदावरून उभी राहिली. नव्या सभासदांना ही हकिगत ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहितो आहे.

एका नकाशावर अनेक घरं, ही गोष्ट मुंबईला नवीन नाही. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडी चाळी बांधल्या. इमारती २०७, एका मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. माणसाला तयार खोली मिळाली खरी, पण कुटुंब वाढलं तरी खोली काही वाढत नव्हती. पुढे हाउसिंग बोर्डाच्या वसाहती झाल्या. त्यातही घर पूर्ण बांधूनच द्यायचं असल्यामुळे खर्च मोठा आणि घरं गरजेच्या मानाने थोडी.

मग १९७० च्या दशकात जगभर वेगळा विचार सुरू झाला. सरकारने घर बांधून देऊ नये. आखलेला भूखंड, रस्ता, पाणी आणि गटार द्यावं. घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे, सवडीने बांधावं. इंग्रजीत याला ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’ म्हणतात. मद्रासला ते १९७७ पासून सुरू झालं. मुंबईत १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प आला आणि म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी इथे भूखंड पाडले. मोठ्या रस्त्यालगतचे मोठे भूखंड चढ्या दराने द्यायचे आणि त्यातून आतल्या लहान भूखंडांची किंमत आवाक्यात ठेवायची, असा हिशेब होता. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला तो हिशेब तेव्हाही पटला होता.

लहान भूखंड म्हणजे किती? २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. त्यावरचे ४० चौरस मीटरचे. सुमारे पस्तीस भूखंड एका मोकळ्या चौकाभोवती मांडायचे आणि त्या पस्तीस कुटुंबांची एक सहकारी सोसायटी करायची. आपली सोसायटी अशीच झाली. १९९३ साली नोंदणी झाली, तिला २०१८ साली पंचवीस वर्षं झाली.

ताबा घ्यायला आलो तेव्हा खाडीकडून वारा यायचा आणि पावसाळ्यात मुरमाच्या रस्त्यावर चप्पल रुतायची. भूखंडावर जोतं होतं आणि मागे संडास-मोरी. बाकी आकाश! आमची ही म्हणाली, “अहो, घर कुठाय?” मी तिला नकाशा दाखवला. पुढे एक मोठी खोली, मागे स्वयंपाकाची जागा, आणि तुटक रेघांनी दाखवलेला जिना व वरची खोली. तुटक रेघा म्हणजे पुढे पैसे साठतील तेव्हा.

नकाशा तयार असल्यामुळे कुणाला आर्किटेक्ट शोधावा लागला नाही. मिस्त्रीला नकाशा तोंडपाठ झाला होता. सिमेंट आणि वाळू तीन-चार घरांची एकत्र मागवली. कुणी आधी पत्रे टाकले आणि चार वर्षांनी स्लॅब घातला, कुणी दागिने मोडून एकदमच बांधलं. पण शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय कुणालाच बांधता आलं नाही, कारण दोन घरांमधली भिंत सामाईक.

इथे एक तुलना करावीशी वाटते. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सीबीडी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज आखलं. तिथेही सात-सात घरं एका लहान चौकाभोवती आहेत, पण भिंती सामाईक नाहीत. प्रत्येकाने आपलं घर स्वतंत्रपणे वाढवावं, असा त्यांचा विचार. मूळचे पुण्याचे बाळकृष्ण दोशी यांना २०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळालं. त्यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत सुमारे ऐंशी नमुना घरं बांधून दाखवली. ती पाहून लोकांनी आपापलं घर रचावं म्हणून. आपल्याकडे असे नामवंत कुणी आले नाहीत. आपल्याला मिळाली ती सामाईक भिंत, आणि तिने आपल्याला एकमेकांशी बोलायला लावलं.

आता एक कबुली. १९९७ साली मी वरची खोली काढली. मिस्त्री म्हणाला, “साहेब, जिना आत घेतलात तर खालची खोली संपली. बाहेरून काढू.” मला ते सोयीचं वाटलं. नकाशात जिना आत होता. मी तो चौकात काढला, अडीच फूट. माझं पाहून डावीकडच्यांनी काढला, मग समोरच्यांनी. दोन वर्षांत चौकात नऊ जिने झाले. एका रात्री आपल्या एका ज्येष्ठ सभासदांना छातीत दुखू लागलं आणि रुग्णवाहिका चौकात वळेना. त्यांना खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून न्यावं लागलं. ते वाचले, पण मला कित्येक दिवस झोप लागली नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत हाच नकाशा टेबलावर पसरला आणि पहिला जिना मी आत घेतला. खोली लहान झाली, खोटं कशाला सांगू! नऊपैकी सात जिने आत गेले. दोन अजून बाहेर आहेत. ते कुणाचे, हे इथे लिहीत नाही.

आज पुनर्विकासाची पत्रं येत आहेत. पस्तीसपैकी बरीच घरं हस्तांतरित झाली, मुलांना लिफ्ट हवी, गाडीला जागा हवी. त्यांचं म्हणणं चूक नाही. मीही सत्तरी ओलांडली आहे, जिना चढताना गुडघे बोलतात. पण त्या प्रस्तावांत प्रत्येक घराचं क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजून दिलेलं असतं. चौकाचा आकडा मात्र मला कुठल्याच पत्रात दिसला नाही. गणपती, लग्नाचा मांडव, पोरांचं क्रिकेट, बायकांचे पापड, सगळं त्या आकड्यात येतं.

घराचा तयार नकाशा आज कुणीही चार दिवसांत काढून देईल. आपल्या नकाशात घरांइतक्याच काळजीने मोकळी जागाही आखलेली होती. समितीला एवढीच विनंती, की पुनर्विकासाच्या सभेआधी हा कागद काचेत बसवून कार्यालयात लावावा. प्रत्येक सभासदाने तो पाहावा आणि मग ज्याला जे मत द्यायचं ते द्यावं.