मोडकी भाषा

 सूनबाईने एमिने सेवगी ओझदामार यांच्या 'द ब्रिज ऑफ द गोल्डन हॉर्न' या जर्मन कादंबरीचं इंग्रजी भाषांतर आणून दिलं. शब्दकोश शेजारी ठेवून तेच वाचत होते.

१९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. पुरुषांबरोबर बायकाही गेल्या, कित्येक एकट्या. ओझदामारबाई माझ्याहून थोड्याच मोठ्या. १९६५ साली, विशीच्या आतच, त्या बर्लिनच्या कारखान्यात लागल्या. कादंबरी १९९८ची, पण अनुभव तेव्हाचा. नायिका रेडिओचे व्हॉल्व्ह बनवते. तिला जर्मनचा शब्द येत नाही, म्हणून ती वर्तमानपत्रांचे मथळे पाठ करते आणि कोणी काही विचारलं की मथळाच म्हणून दाखवते! अंडी हवी असली की या बायका दुकानात कोंबडीसारख्या ओरडतात. युद्धात मोडलेल्या स्टेशनाला त्या 'दुखावलेलं स्टेशन' म्हणतात, कारण तुर्कीत दोन्हींना शब्द एकच.

अशीच तुटपुंजी भाषा संपातही पुरली. १९७३च्या ऑगस्टमध्ये नॉयस इथल्या पिअरबुर्ग या कार्ब्युरेटरच्या कारखान्यात परदेशी बायकांनी काम बंद पाडलं. 'हलकं काम' म्हणून त्यांना सगळ्यांत खालची मजुरी मिळे. मागणी तीन शब्दांची, "आइने मार्क मेअर", एक मार्क जास्त. पोलिसांचा मार खाल्ला. पुढे जर्मन कामगारही त्यांना मिळाले. अख्खा मार्क नाही मिळाला, पण तो खालचा गट रद्द झाला.

ओझदामारबाईंनी लिहिलं ते जर्मनमध्येच, पण तुर्की वळणाने. मातृभाषेला 'मुटरश्प्राखे' हा रुळलेला शब्द सोडून त्यांनी १९९०च्या कथासंग्रहाला नाव दिलं 'मुटरत्सुंगे', आईची जीभ. १९९१ साली बाखमन पुरस्कार मिळाला तेव्हा काही समीक्षकांनी नाकं मुरडली. २०२२ साली त्याच भाषेला ब्युखनर हा सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला.

नाकं मुरडणाऱ्यांना मी काय बोलू? माझ्या वर्गात तांड्यावरून येणारी एक मुलगी होती. तिच्या निबंधातलं प्रत्येक वेगळं वळण मी लाल शाईने सरळ करत असे. पुढे पुढे तिचा निबंध चार ओळींत संपू लागला. चूक एकही नसे. मी वर 'छान' असा शेरा देत असे.